भूतकाळ खालच्या फळीवर

...नाही हलवलं दुकान, आणि नाही हलवणार! होळी आली म्हणून मिठानं मागं जावं असं कुठल्या पंचांगात लिहिलंय? दोन वर्षं झाली, तळासरीत जो बाजाराला येतो तो माझ्या उंबऱ्यावर उभा राहून हेच विचारतो, 'काय नविनशेठ, यंदा पण साखरेच्या माळा पुढं नाय टांगल्या? खजूर माळ्यावरच?' हो बाबा, माळ्यावरच! हवा असेल तर शिडी लावतो, गुडघा कुरकुरतो तरी चढतो, काढतो, फडक्यानं पुसून हातात देतो, पण मिठाची थप्पी जागेवरून बोटभर सरकवणार नाही. नसेल पटत तर समोर जा, तिकडं सगळं मांडलंय, माळा, पिचकाऱ्या, रंग, झगमग... जातातही बिचारे. जाऊ देत.

तुम्ही पहिल्यांदाच आलात वाटतं? मग बसा. त्या तेलाच्या डब्यावर बसा, रिकामाच आहे. तुम्हाला सांगतो, कारण इथल्यांना सांगण्यात अर्थ नाही, इथले निम्मे लोक त्या प्रकरणात स्वतःच्या हातांनी सामील होते! काय झालं ते येईलच पुढं, पण एक गोष्ट आत्ताच पदरात बांधून घ्या... व्यापाऱ्यानं मास्तरकी करू नये. तोलावं, बांधावं, सुटे परत द्यावेत आणि गप्प बसावं!

आता मी शिकलो किती, तर आठवी. नरपड गावच्या शाळेतून वडिलांनी मला उचलला आणि पोतं ठेवतात तसा गल्ल्यावर ठेवला, तो अजून तिथंच आहे. पुढचं सगळं शिक्षण खोक्यांवर. हसू नका, खोक्यांवर बरंच इंग्रजी असतं! मेड इन अमुक, पॅक्ड ऑन तमुक, सोल्ड बाय ढमुक... वापीहून आलेलं खोकं असेल तर खाली गुजरातीही फुकट. चाळीस वर्षं खोकी वाचून मी माझ्या परीनं पंडित झालो होतो. गोम एवढीच, की खोक्यावर सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. माल बनला, भरला, विकला! खोकं कधी म्हणतं का, थांबा जरा, आत्ता बनतोय? त्यामुळे मला मेड माहीत, सोल्ड माहीत, पण हा मेड म्हणजे कुणा मेकचा भूतकाळ आहे आणि सोल्ड हा सेलचा, हे मला कोण सांगणार? मला वाटायचं, मेड म्हणजे मेड. जन्मल्यापासूनच मेड!

हे मला सांगितलं रूपीनं.

रूपी कोण? सांगतो. तळासरीपासून आत चार-पाच किलोमीटरवर एक पाडा आहे, तिथल्या अंगणवाडीत रूपी मदतनीस. अकरा वर्षं. सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, भांडी घासायची आणि दुपारी दोनला माझ्याकडं यायची, डाळ-साखरेच्या पुड्या बांधायला, दिवस मावळेपर्यंत. हात असा, की मूठ भरली म्हणजे पाव किलो! सुरुवातीला मी एकेक पुडी काट्यावर टाकून बघायचो. मग बघायचं सोडलं, काट्यासमोर माझाच अपमान व्हायला लागला. आणि दुकान तिला पाठ. मी 'हळद' म्हणेपर्यंत हळद पुढ्यात. मान वर न करता, बोलता बोलता, हात मागं न्यायची आणि बरोब्बर ती बरणी काढायची!

मला तू म्हणते. पाड्यावरचे सगळेच म्हणतात... शेठला तू, साहेबाला तू, देवाला पण तू, त्यांच्या बोलीत अहोजाहोची भानगडच नाही. मला बरं वाटतं. घरी बायको अहो म्हणते आणि त्या अहोच्या पुढं जे काय बोलते... जाऊ द्या.

तर त्या अंगणवाडीची सेविका बायजी दोन हजार सतराच्या मे अखेरीला निवृत्त होणार. तिच्या जागेवर रूपीचा हक्क पहिला, कारण गावातलीच, अनुभव अकरा वर्षांचा, मदतनिसालाच आधी विचारतात. फक्त दहावी पास पाहिजे. आणि रूपी सोळा वर्षांपूर्वी दहावीला बसली होती, सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत धाडकन आडवी! मग काय, बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, नव्यानं सगळे विषय. तिचा नवरा शुक्रा उंबरगावच्या कंपनीत जातो, तो म्हणाला, 'भर.' मी म्हटलं, 'भर.' बायजीसुद्धा म्हणाली, 'भर गे.' मी एकदा सहज विचारलं, 'रूपी, एवढा अट्टाहास कशाला? पगार थोडा वाढेल म्हणून?' तर पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणते, 'पगाराचा नाय शेठ. अकरा वर्षं पोरांची नाकं मी पुसली, आणि वहीत नावं लिहिते बायजी. एकदा ती नावं मला लिहायचीत.'

तिथंच, तुम्हाला सांगतो, तिथंच माझ्या डोक्यात तो किडा शिरला!

तिच्याकडं गाईड होतं, मागच्या पानांवर तो तक्ता. वर्तमान एका रांगेत, भूतकाळ दुसऱ्या रांगेत. डाळ बांधता बांधता म्हणायची, गो-वेन्ट, ईट-एट, सी-सॉ... आणि मध्येच थांबून, 'शेठ, हा वॉकचा वॉक्ड झाला ते समजतं. बापाचं पोरगं, तोंडवळा बापाचा, शेपूट तेवढं नवं. पण गोचा वेन्ट? कुठून आणला हा? शेजाऱ्याचा वाटतो!'

'असेल दत्तक,' मी म्हटलं.

'आणि हा कट? आज पण कट, काल पण कट. ह्याला काय फरकच पडत नाय?'

'तो प्रामाणिक माणूस आहे रूपी. काल एक बोलला, आज तेच बोलतो.'

'मग सगळेच तसे का नाय?'

बरोबर आहे की नाही? सांगा ना! ज्यानं कुणी ही भाषा चालवली त्याला काय झालं होतं सगळीकडं सारखं शेपूट लावायला? एक भाव ठेवावा की! एका गिऱ्हाइकाला एक, दुसऱ्याला दुसरा, असं मी केलं असतं तर तळासरीत दुकान चाललं असतं का चार दिवस?

महिनाभर ती ते घोकत होती आणि महिनाभर ते संध्याकाळी सांडून जात होतं. जानेवारी संपला. एक दिवस तिनं गाईड मिटून साखरेच्या गोणीवर ठेवलं आणि म्हणाली, 'नाय होत शेठ. डोक्यात ह्यांना बसायला जागाच नाय.'

जागा! तो शब्द ऐकला मात्र, आणि माझ्यातला व्यापारी टुणकन उभा राहिला. म्हटलं, रूपी, जागेचं काय घेऊन बसलीस, जागा मी देतो! हे दुकान तुला पाठ आहे की नाही? डोळे मिटून माचीस काढतेस की नाही? मग क्रियापदं पण मालासारखी लावून टाकू! आणि बघा हं, डोकं कसं चाललं माझं... आमच्या धंद्यात नवा माल वरच्या फळीवर आणि जुना माल खालच्या फळीवर, आधी जुना खपवायचा म्हणून. तर वर्तमानकाळ म्हणजे नवा माल, वर. भूतकाळ म्हणजे जुना माल, खाली! खडू घेतला आणि फळ्यांच्या कडेवर लिहायला लागलो. मिठाच्या वर गो, मिठाच्या खाली वेन्ट. चहापत्तीपाशी ड्रिंक आणि ड्रँक, बिस्किटांपाशी ईट आणि एट, कंदिलाच्या काचांपाशी ब्रेक आणि ब्रोक. झाडूंच्या कोपऱ्यात स्वीप-स्वेप्ट, शेजारी स्लीप-स्लेप्ट, कीप-केप्ट, सगळी भावकी. साबणाच्या फळीवर ते ब्रॉट, बॉट, थॉट, टॉट, कॉट... एकाच घराण्यातले, एकाच आवाजात बोलणारे.

आणि ते नो-न्यू, ग्रो-ग्रू, थ्रो-थ्रू, फ्लाय-फ्लू? ते तिला सगळ्यात जड जायचे. म्हटलं, ह्यांना अशी जागा द्यावी की जी कधी हलणार नाही. माझ्याकडं एक कोपरा होता, बूटपॉलिशच्या डब्या, सॉसच्या बाटल्या आणि ओट्सची पाकिटं. कुणीतरी मला सांगितलं होतं की हायवेला बंगले होणार, साहेबलोक येणार, म्हणून मी भरून ठेवला होता तो माल. बंगले झाले नाहीत. माल तसाच. सहा वर्षं त्याला माशी शिवली नव्हती! म्हटलं, जिथला माल हलत नाही तिथलं इंग्रजी पण हलणार नाही. वाहवा! स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली मी.

आणि चाललं हो ते! पंधरा दिवसांत रूपी दुकानात बोलत फिरायला लागली. गिऱ्हाईक मीठ मागायचं, ती काढता काढता म्हणायची, 'गो... वेन्ट,' गिऱ्हाईक ते वजन समजून घाबरून म्हणायचं, 'दीड किलोच दे गं!' मी गल्ल्यावरून ओरडायचो, 'ब्रिंग!' आणि ती पाठमोरी, हात साबणाच्या खालच्या फळीकडं, 'ब्रॉट!' मी 'फ्लाय!' की तिचं बोट सॉसच्या बाटल्यांकडं, 'फ्लू!' एकदा मी मुद्दाम घोळात घ्यायला विचारलं, 'सेल?' तर म्हणाली, 'सोल्ड. तो तुझ्या गल्ल्यावर लिहिलाय, तो कसा विसरेन!' मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, म्हटलं, माझ्यात एक मास्तर दडला होता. ती म्हणाली, 'अहो, दडलाय तोवर बरंय.' बायकांना कसं कळतं हो आधीच? व्यापाऱ्यानं मास्तरकी करू नये, हे तिला कळलं होतं, मला नव्हतं!

आता होळी. तुम्हाला इकडची होळी माहीत नसेल. आमच्याकडं दिवाळी एकीकडं आणि होळी एकीकडं. वीटभट्टीवर गेलेला, बोटीवर गेलेला, वापी-उंबरगावला गेलेला, जो असेल तो होळीला पाड्यावर येतो म्हणजे येतोच, आणि त्याआधीचा बाजार म्हणजे दुकानदाराचं वर्ष त्यातच. नारळ, गूळ, खजूर, साखरेच्या माळा, रंग... आणि माझी तीस वर्षांची रीत अशी, की त्या बाजाराच्या आदल्या दिवशी दुकान उलटंपालटं करायचं. रोजचा माल गोदामात आणि माळ्यावर, होळीचा माल पुढं. मीठ-साबण माणूस शोधून पण घेतो, माळ त्याला दिसली पाहिजे तरच घेतो. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही, मी स्वतः शिकलो. म्हणून तर इतका पक्का बसलेला तो दीडशहाणपणा!

त्या वर्षी होळी परीक्षेच्या अंगावरच आली. रूपीला मी चार दिवस सुट्टी दिली होती. दिलदारपणे! म्हटलं, जा, घरी बस, अभ्यास कर, दुकानाकडं बघू नकोस. आणि ती तिकडं घरी बसलेली असताना मी इकडं चार माणसं लावून सगळं दुकान हलवलं. मीठ गोदामात, साबण माळ्यावर, झाडू मोरीत, सॉस-पॉलिश-ओट्स तर एका खोक्यात कोंबून कुठंतरी... आणि धूळ होती म्हणून फळ्यांवरून ओलं फडकं मारलं. हो! सगळा खडू गेला. माझ्या हातानं! फडकं मारताना मी तो खडू बघितला पण, तुम्हाला खोटं सांगत नाही. मनात आलं, आता काय करायचाय, तिचं पाठ झालंय. तिचं कुठलं पाठ? पाठ तिला दुकान होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ. बाजार ओसंडून वाहतोय, दारात पंधरा-वीस गिऱ्हाइकं, मी माळा मोजून देतोय... आणि शुक्राच्या मोटारसायकलवरून रूपी उतरली. नवी साडी, हातात हॉल तिकीट, पॅडला पेन अडकवलेलं. अकराला इंग्रजीचा पेपर, इथंच, शाळा पलीकडं. मला वाटलं पाया पडायला आली असेल. मी आपला छाती काढून, 'ये रूपी ये, बघ कसं सजवलंय!'

ती उंबऱ्यातच उभी. डोळे असे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

'शेठ, मीठ कुठाय?'

'मागं, गोदामात. होळी आहे ना!'

'आणि साबण?'

'माळ्यावर. का गं? तुला कशाला आत्ता साबण?'

'साबण नको शेठ.' आवाज एवढासा. 'ब्रॉट कुठाय?'

तुम्हाला सांगतो... चाळीस वर्षांच्या धंद्यात माझ्या दुकानात काय नव्हतं म्हणून मला कधी लाज वाटली नाही. नाही तर नाही, उद्या मागवू! पण त्या दिवशी ती म्हणते ब्रॉट कुठाय आणि माझ्याकडं ब्रॉट नाही! ती म्हणाली, 'मी म्हटलं, जाता जाता एकदा दुकान बघून जाऊ. घरी बसून डोळे मिटले की अर्धं दिसत होतं, अर्धं नाय. इथं आले की दिसेल म्हटलं.' आणि समोर काय? गुलाबी-पांढऱ्या माळा!

तेव्हा मी जे केलं ते आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. होळीच्या बाजारात, भरल्या दुकानात, गल्ल्यावर उभा राहून ओरडलो, 'विक्री बंद! दुकान होतं तसं लावायचंय! अर्धा तास!'

लोकांना वाटलं, शेठला ऊन लागलं. शुक्रानं त्यांच्या बोलीत दोन वाक्यांत समजावलं, बाईची परीक्षा आहे, दुकान बघितल्याशिवाय तिला आठवत नाही. आणि काय सांगू, एक माणूस हसला नाही! हाल्या म्हणून एक म्हातारा आहे, तो पुढं आला, म्हणाला, 'मीठ हिथं होतं शेठ, खांबाला टेकून. मी दर बाजाराला त्याच्यावर बसतो ना!' आणि गोदामातून गोणी खेचायला लागला. लाडकी म्हणून बाई, कडेवर नातू, ती म्हणते, 'साबण हितं. वर नाय, खाली घे, माझा हात पोचायचा!' चहापत्तीवाला चहापत्ती सांगतो, बिडीवाला माचीस सांगतो, एक म्हणतो कंदिलाच्या काचा ह्या खिळ्याखाली, माझं डोकं आपटायचं! मी मालक, आणि मला माझंच दुकान गिऱ्हाइकं शिकवतायत! हातोहात माल येतोय, माळा उतरतायत, नारळ गडगडतायत, आणि मधोमध रूपी उभी. मीठ जागेवर आलं, तिचे ओठ हलले, 'गो... वेन्ट!' हाल्यानं आरोळी ठोकली, 'आला रे वेन्ट!' साबण लागला, 'ब्रॉट, बॉट, टॉट!' लाडकीचा नातू टाळ्या पिटतोय! झाडू आले, स्वेप्ट-स्लेप्ट आले. सव्वादहा. चेहरा फुलत चाललेला तिचा... मी मनात म्हटलं, नविन, वाचलास!

राहिला एकच कोपरा. बूटपॉलिश, सॉस, ओट्स.

मी म्हटलं, 'हं, हे कुठं होतं?'

हाल्या माझ्याकडं बघतो, मी लाडकीकडं बघतो. कसं सांगणार हो? त्या मालाला गिऱ्हाईकच नव्हतं! ज्यानं कधी घेतलंच नाही त्याला त्याची जागा कशी ठाऊक? आणि मी... मला तर तो कोपरा बघावासाच वाटायचा नाही, बघितला की बुडालेला पैसा आठवायचा. सॉस डावीकडं लावला. रूपी म्हणाली, 'नाय.' उजवीकडं लावला. 'नाय शेठ, असं नव्हतं.'

'मग कसं होतं?'

'ते तू सांग! दुकान तुझं ना?'

साडेदहा झाले. शुक्रानं गाडी चालू केली. ती गेली. मी बाटली हातात धरून उभा, आणि मागं पंधरा माणसं, आता माळा कुठून काढायच्या म्हणून विचारतायत. म्हणून म्हणतो, व्यापाऱ्यानं मास्तरकी करू नये... त्याला जे खपतं तेवढंच दिसतं!

पेपर सुटल्यावर आली ती. रडत नव्हती. म्हणाली, 'शेठ, डोळे मिटले आणि सगळं दुकान फिरले. मीठ झालं, चहा झाला, झाडू झाले. त्या कोपऱ्यात गेले की नुसत्या माळा लोंबत होत्या. मागं काय होतं ते दिसेचना. चार जागा मोकळ्या सोडल्या.'

जूनमध्ये निकाल. सगळ्या विषयांत पास, मराठीत तर एकाहत्तर. इंग्रजीत सगळी सवलत धरूनसुद्धा दोन कमी. दोन! मी तिला म्हटलं, 'रूपी, हे माझे दोन.' तर मलाच समजावते, 'नाय रे शेठ, पत्रात पण गेले असतील, पत्ताच चुकीचा घातला मी.' असतील गेले पत्रात. बोर्ड काही मला सांगायला येणार नाही कुठले दोन गेले ते. पण मला माहीत आहे ना? हिला चार जागा मोकळ्या आणि कमी किती, तर दोन. तेवढा हिशेब आठवी शिकलेल्याला येतो.

बायजी निवृत्त झाली. जागा मोकळी ठेवता येत नाही, साहेब म्हणाले, पोरांना रोज खायला घालायचं असतं, सही कुणाची चालवायची? तेही खरंच. जाहिरात निघाली. शेजारच्या पाड्यातली निलम, वय बावीस, बारावी पास, तिची निवड झाली. मी ठरवलं होतं हिच्याशी धड बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी दुकानात आली, म्हणाली, 'नविनकाका, खडूचा डबा द्या ना, आणि रूपीमावशी इथं कुठं बसते ते सांगा, तिला विचारल्याशिवाय मला तिथलं काहीच कळत नाही.' आता अशा मुलीवर रागवायचं कसं? सांगा, तुम्हीच सांगा! रागवायची पण सोय ठेवली नाही देवानं.

आणि जुलैमध्ये फेरपरीक्षा झाली, रूपी पुन्हा बसली. मला न सांगता! एक खडू मागितला नाही, एक फळी मागितली नाही. ऑगस्ट अखेर निकाल, इंग्रजीत एक्कावन्न! मी म्हटलं, 'अगं, केलंस काय?'

म्हणाली, 'पोरांवर लावलं शेठ.'

'पोरांवर?'

'हो. आज अंगणवाडीत बसतो तो धाकटा म्हणजे आजचं, आणि त्याचा थोरला, जो शाळेत गेला, तो म्हणजे कालचं. चैत्या नो, तर त्याचा दादा न्यू. दिपक ग्रो, तर त्याची बहीण शितल ग्रू. अकरा वर्षांत सांभाळलेली पोरं हायेत माझ्याकडं, गाईडातल्या तक्त्यापेक्षा जास्त. आणि दुकानातला माल हलतो शेठ, कोण कुणाचा भाऊ ते थोडंच हलतं?'

म्हणजे बघा! माझी गरजच नव्हती. सगळं तिच्याजवळ होतं, तिच्या स्वतःच्या दारात, नाक पुसून तयार. मी मध्ये तंगडी घातली नसती, खडू हातात घेतला नसता, तर तिला मार्चमध्येच हे सुचलं असतं, आणि आज त्या वहीत पोरांची नावं तिच्या अक्षरात असती. व्यापाऱ्यानं मास्तरकी करू नये हो... करायचीच तर आधी समोरच्याकडं काय माल आहे ते तरी बघावं!

सर्टिफिकेट आलं तेव्हा पेढे घेऊन आली. मला दाखवलं, मी दोन्ही हातांनी धरलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. म्हटलं, आता पुढं काय? ती म्हणाली, 'आता परत जागा निघेल तेव्हा.' आणि मला कशाला दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी पाटी ओढून आकडे मांडले. गावात अंगणवाडी एकच. निलम बावीसची. सेविका निवृत्त होते पासष्टाला. म्हणजे त्रेचाळीस वर्षं. रूपी तेव्हा असेल शहात्तरची, आणि मदतनीससुद्धा पासष्टालाच घरी जाते, म्हणजे तीच अकरा वर्षं आधी निवृत्त! मी तर तेव्हा नव्याण्णवचा. तीन वेळा मांडलं, उत्तर तेच. मी पाटी तिच्याकडं फिरवली. पेढा तोंडात घोळवत तिनं वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाली,

'असू दे शेठ. सर्टिफिकेट काय नासणारा माल हाये का?'

नासत नाही, खरंय तिचं. खपत नाही, एवढंच.